आडवी टाचणी

४ जानेवारी

मधल्या,

अक्षर ओळखलं असशीलच. तेच आहे, डोळ्यांमुळे जरा मोठं झालंय एवढंच. सव्वीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणसाला आधी वाटतं, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. धाकटा ठणठणीत आहे, त्याची बायको ठणठणीत आहे, आणि मी आहे तशीच आहे.

सरळ मुद्द्याला येते. सोमवारी धाकट्याच्या टेबलावर बाहेर जाणाऱ्या टपालाचा गठ्ठा होता. त्यात तुझ्या नावाचं पाकीट होतं आणि पत्ता त्याच्या स्वतःच्या हातचा होता. आता तूच सांग, बायकोच्या वाढदिवसाच्या कार्डावरच्या दोन ओळीसुद्धा माझ्याकडून लिहून घेणारा माणूस स्वतः पेन उचलून तुझ्यासारख्या जनावरांच्या डॉक्टरला काय लिहितो? आमच्याकडे गाय नाही. कुत्रं होतं, तेही मागच्या वर्षी गेलं.

पेपरात वाचलं असशील. धाकटा आता राजधानीत जाणार, वरच्या सभागृहात. म्हणजे इथली जागा मोकळी होते. अण्णांची जागा. अण्णांनी ती तीस वर्षं सांभाळली, मग धाकट्याने. मागच्या महिन्यात ऑफिसात तो मला म्हणाला, "ताई, आता तू उभी राहा. मी अध्यक्षांना पत्र देतो." तीन माणसांसमोर म्हणाला. तिथेच मला शंका आली. आपल्या घरात खरं ते दार लावून बोलतात.

मला ती जागा हवी आहे. हे मी जन्मात पहिल्यांदा कोणाला लिहून देतेय. बेचाळीस वर्षं या घराची भाषणं, निवेदनं, शोकसंदेश मी लिहिले. फलकावर नाव आधी अण्णांचं, मग धाकट्याचं. एकदा, एकदाच, मतपत्रिकेवर माझं नाव छापून यावं असं मला वाटतं. वाटलं तर काय चुकलं?

म्हणून विचारते. तो तुला परत बोलावतोय का? तुझ्यासाठी ती जागा ठेवलीय का? अण्णांनी तुझ्यावर अन्याय केला हे मी कधी नाकारलेलं नाही. पण त्यांच्यावरचा राग माझ्यावर काढू नकोस. खरं काय ते उलट टपाली कळव.

ताई


१७ जानेवारी

मधल्या,

तुझं पाकीट मिळालं. त्याचा डिंक एका बाजूने सुटलेला होता. तू कंजूषपणे लावलास की वाटेत कोणी वाफेवर धरलं, हे कळायला मार्ग नाही. पुढच्या वेळी चिकटपट्टी लाव.

आणि आत काय, तर दोन ओळी! "त्याचं पत्र आलंय. त्यात काय आहे ते त्यालाच सांगू दे, मी शब्द दिलाय." वा रे वा. सव्वीस वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले दोन भाऊ एकदम शब्द देण्याघेण्यापर्यंत आले. आणि मी मध्ये कोण? पोस्टमन?

तुला आठवतं का, तू गेलास तेव्हा तो काय होता? पंचवीस वर्षांचा घोडा, पण शर्टाचं बटण तुटलं तरी "ताई" म्हणून हाक मारणारा. त्याची पहिली सभा मी विसरणार नाही. भाषण मी लिहून दिलं होतं. कुठे थांबायचं ते कळावं म्हणून कंसात लिहिलं होतं, "इथे टाळ्यांसाठी थांबणे." पठ्ठ्याने तेही मोठ्याने वाचलं. मी मंडपाच्या मागे कपाळावर हात मारून घेतला. पण लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. तेव्हाच मला कळलं, हा पुढे जाणार.

आणि गेला. आधी आमदार, मग उपमंत्री, मग मंत्री. मध्ये एकदा पक्ष सोडला आणि दीड वर्षाने परत आला. दोन्ही वेळची निवेदनं माझीच. दुसऱ्या वेळी मी पहिलंच काढलं आणि पक्षांची नावं तेवढी उलटी केली. एकाही पत्रकाराच्या लक्षात आलं नाही. लोक म्हणतात, वडिलांचा वारसा चालवला. चालवला खरा, पण पायडल कोण मारत होतं ते कोणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याने ऑफिसात एक बाई आणली. हुशार आहे, वाईट नाही. दिवसभर स्क्रीनकडे बघून बोलते, म्हणून मी तिला स्क्रीनवाली म्हणते. तिने माझं टेबल दाराजवळून उचलून पाण्याच्या फिल्टरशेजारी नेलं. म्हणे, "ताई, तिथे उजेड चांगला येतो." उजेड येतो, माणसं येत नाहीत. येतात ती पाणी प्यायला. आता पत्रं छापून निघतात आणि स्टेपलरने खटाखट शिवली जातात. मी बसल्या बसल्या तो खटखटाट मोजते.

मी खोलीत गेले की फोन बंद होतात. काल भावजय वरची पाहुण्यांची खोली झाडूनपुसून घेत होती, नवी चादर घातली. तिला विचारलं, कोण येणार? "कोणी नाही हो ताई, धूळ बसली होती." धूळ पाच वर्षं बसली होती. तिला उठवायची घाई आत्ताच का?

तू येणार आहेस का? एवढं तरी सांग.

ताई


३० जानेवारी

मधल्या,

उत्तर नाही तर नाही. मीच सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ताईला काही समजत नव्हतं.

टाचणीची गोष्ट तुला माहीत आहे, पण अर्धीच. ती तुला भिंगवाल्यांनी पक्षाच्या ऑफिसात जिन्यात उभ्या उभ्या सांगितली. मी ती सोळाव्या वर्षापासून रोज केलेली आहे, त्यामुळे नीट ऐक.

अण्णांकडे रोज पन्नाससाठ माणसं यायची. कोणाला बदली हवी, कोणाला नोकरी, कोणाला तिकीट. अण्णा कोणालाच नाही म्हणायचे नाहीत. प्रत्येकाला शिफारसपत्र मिळायचं आणि प्रत्येक पत्रात तेच गोड शब्द असायचे. माणूस बाहेर बाकावर जाऊन बसला की अण्णा मान वर न करता मला एकच शब्द सांगायचे, "उभी" किंवा "आडवी". मग मी अर्जाला ते पत्र टाचायची. टाचणी उभी असली तर वाचणाऱ्याने समजायचं, काम करा. आडवी असली तर समजायचं, माणसाचं मन राखलंय, तुम्ही विसरून जा. ज्यांना समजायला हवं त्यांना समजायचं. पक्षात भिंगवाल्यांना समजायचं. अध्यक्ष तीन बदलले, पण त्यांचे चिटणीस म्हणून भिंगवाले तेच आहेत आणि त्यांचा चष्माही बहुधा तोच आहे.

शेवटची आठ वर्षं अण्णा टाचण्या स्वतःच लावायचे. म्हातारपणाची हौस, दुसरं काय. ते गेल्यावर धाकट्याची पत्रं पुन्हा माझ्याकडे आली. तो सांगायचा, "याचं बघ गं," नाहीतर "याचं राहू दे," की मी त्याप्रमाणे लावायची. स्टेपलर आल्यापासून भिंगवाले फोन करून विचारतात म्हणे, की साहेबांच्या मनात नेमकं काय आहे.

काल सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा टपालाच्या ट्रेमध्ये सर्वांत वर माझा अर्ज होता. उमेदवारीचा. त्याला जोडलेलं धाकट्याचं पत्र छापलेलं नव्हतं, हाताने लिहिलेलं होतं. मी वाचलं. माझ्याबद्दलचं होतं, का वाचू नये? "माझ्या राजकारणातलं जे काही चांगलं आहे ते माझ्या बहिणीचं आहे." वाचून मला हुंदका आला, खोटं कशाला बोलू. पदर डोळ्यांना लावला. मग नजर कोपऱ्यावर गेली.

टाचणी आडवी होती.

आणि टाचणी तरी कुठली, तर अण्णांच्या डबीतली, मोठ्या डोक्याची, पितळी. ती डबी कपाटात सर्वांत मागे असते. म्हणजे मुद्दाम शोधून काढलेली. अण्णांच्या टाचणीने मला आडवी केली. मी तिथेच फिल्टरचा ग्लास घेऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

तू म्हणशील, फिरवून का टाकली नाहीस? ऑफिसात कोणी नव्हतं. काढायची, फिरवायची, टोचायची, एका श्वासाचं काम. नाही फिरवली. टाचणी फिरवणं मी सोडलेलं आहे. शिवाय म्हटलं, बघू तरी धाकटा कुठवर जातो ते. त्याला विचारलंही नाही. विचारलं असतं तर गोड बोलला असता, आणि त्याची गोड बोलायची सगळी वाक्यं मीच लिहून दिलेली आहेत. मला त्यात नवीन काय कळणार?

अकरा वाजता शिपाई टपाल घेऊन गेला. मी पाहत होते.

तुझ्या तिकिटाच्या वेळी तुला कसं वाटलं असेल ते आता मला कळलं. अण्णांनी तसं का केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. धाकटा शेवटी त्यांचाच मुलगा.

ताई


९ फेब्रुवारी

मधल्या,

यादी आली. माझं नाव नाही. तुझंही नाही. जागा बस कंपनीच्या मालकाच्या जावयाला गेली. तो आपल्या मतदारसंघात फक्त बसमधून फिरला असेल, तोही खिडकीची काच लावून.

तुमचं काय ठरलं होतं ते आता तुमच्याजवळच ठेवा. तुला ताटकळत ठेवलं असेल तर तूही शीक. वरच्या खोलीतली चादर मी स्वतः काढून घडी करून ठेवली.

यापुढे मी लिहिणार नाही.

ताई


१० फेब्रुवारी

मधल्या,

लिहिणार नाही म्हटलं होतं. कालचं पत्र आधी पोचेल, मग हे. कालचं फाडून टाक. खरं तर आधीची सगळीच फाड, आणि हे तेवढं ठेव. शेवटपर्यंत वाच एवढीच विनंती. विनंती हा शब्द मी तुला कधी लिहिलेला नाही.

काल दुपारी धाकटा पक्षाच्या ऑफिसातून तडक माझ्या टेबलाशी आला. चेहरा लालबुंद. स्क्रीनवालीला म्हणाला, "जरा बाहेर बसा." दार लावलं. मी मनात म्हटलं, आता खरं ऐकायला मिळणार.

"ताई, टाचणी आडवी म्हणजे काय गं?"

"नाटक नको करूस," मी म्हटलं.

"कसलं नाटक? मी भिंगवाल्यांना जाऊन धरलं. म्हटलं, माझ्या बहिणीचं नाव कुठे गेलं? तर ते हसून म्हणाले, 'साहेब, तुमची खूण आम्ही ओळखली ना. आडवी होती, म्हणून नाव बाजूला ठेवलं. तुमच्या वडिलांपासूनचा शिरस्ता आहे.' कसली खूण? कसला शिरस्ता?"

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. धाकट्याला मी लहानपणापासून ओळखते. खोटं बोलताना तो कान खाजवतो. दोन्ही हात टेबलावर होते.

"ती टाचणी कोणी लावली?" मी विचारलं.

"मी."

"तू?"

"मग! ते पत्र ऑफिसात कोणाच्या हाती द्यायचं नव्हतं. स्वतः लिहिलं, चार कागद फाडले. स्टेपलर घेतला होता हातात, मग आठवलं, तुला त्याचा आवाज आवडत नाही. म्हणून अण्णांची डबी शोधली. म्हटलं ताईचं पत्र आहे, अण्णांच्या टाचणीने जाऊ दे. दोनदा बोटाला टोचली ती मेली." आणि त्याने मला बोट दाखवलं. एवढा मंत्री माणूस, पण बोट अगदी पाच वर्षांचा असताना दाखवायचा तसं.

त्याला माहीत नव्हतं रे. मंत्री झाला, राजधानीला निघाला, पण ज्या खुणेवर या घराचं अर्धं राजकारण चाललं ती त्याला कोणी सांगितलीच नव्हती. अण्णांनी सांगितली नाही, कारण त्या कामाला मी होते. मी सांगितली नाही, कारण मग मी कशाला लागले असते? त्याने पत्र लिहावं आणि टाचणी मी लावावी, हे इतकं ठरून गेलेलं होतं की माझंच पत्र माझ्या हातून टाचून घ्यायला हवं होतं हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आणि ती आडवी टाचणी मी बघितली होती. नुसतं "धाकट्या, हे काय?" म्हटलं असतं तरी जागा आज माझी होती.

मग त्याने तुझं सांगितलं. तुला लिहिलेल्या पत्रात एवढंच होतं, की ताई निवडणुकीचा अर्ज भरायला जाईल तेव्हा तू तिच्या शेजारी उभा राहा, आणि तिला आधी सांगू नकोस. तू हो म्हटलं होतंस. खोली तुझ्यासाठीच होती. त्या चादरीची मी घडी केली, मधल्या.

पण खरं सांगायचं ते अजून आलंच नाही. बघ, अजूनही मी इकडेतिकडेच करतेय.

धाकटा बाकावर बसला आणि बराच वेळ बोटं मोडत राहिला. तो सावकाश विचार करतो, पण करतो. म्हणाला, "मग मधल्याच्या वेळी अण्णांनी आडवी लावली होती? म्हणून तो गेला?"

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. सव्वीस वर्षं मी न बोलता तेच म्हणत आले होते.

"मी लावली," मी म्हटलं.

"अण्णांनी सांगितली म्हणून."

"नाही."

त्या दिवशी सकाळी तू कपाटाला टेकून उभा होतास. मला म्हणालास, "ताई, एकदा निवडून आलो की ऑफिस मी आणि माझे मित्र बघू. तू सुटलीस. किती वर्षं टाचण्या लावत बसणार? स्वतःचं काहीतरी बघ." तू मायेनेच म्हणाला होतास, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की मला घराबाहेर काढतायत. त्याच वेळी मागच्या खोलीतून धाकटा ओरडत होता, "ताई, माझं दुसरं पायताण कुठंय?" अण्णांनी तुझ्या पत्रावर सही केली, तू बाकावर जाऊन बसलास आणि ते मला म्हणाले, "उभी." त्यांनी त्या दिवशी मान वर केली होती. माझ्याकडे बघून हसले होते. माझ्या हाताने मी ती आडवी टोचली. तुला माझी गरज लागणार नव्हती. त्याला लागणार होती.

अध्यक्षांना वाटलं, अण्णांना मधला नको, म्हणजे धाकटा हवा. त्यांनी अण्णांचा मान म्हणून धाकट्याचं नाव यादीत घातलं. अण्णांना वाटलं, अध्यक्षांनी घरात फूट पाडायला डाव टाकला. एका मुलासाठी दुसऱ्याचं तिकीट कसं परत करणार, म्हणून गप्प बसले. आणि तू "तुमची टाचणी वाचली" एवढे तीनच शब्द लिहून निघून गेलास.

अण्णांनी तो कागद माझ्यापुढे धरला होता. म्हणाले, "उभीच लावली होतीस ना?"

मी म्हटलं, "उभीच, अण्णा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून डबी त्यांच्या खणात गेली आणि टाचण्या ते स्वतः लावू लागले. हात थरथरायचे, बोटाला टोचायचं, तरी मला देत नव्हते. आठ वर्षं. मी तुला हौस म्हणून लिहिलं. हौस नव्हती ती. मी रोज समोर बसून बघत होते. ते गेले त्या दिवशी तू फाटकापर्यंत आलास आणि तिथूनच परत फिरलास. मी खिडकीत होते. हाक मारली नाही. मारली असती तर तू आत आला असतास, आणि आत आला असतास तर एक ना एक दिवस विचारलं असतंस.

एवढं सगळं धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सव्वीस वर्षं मी तुझ्या टाचणीवर बसलोय?" दोघंही हसलो नाही. दुसऱ्या कोणत्याही दिवशी हसलो असतो.

मी म्हटलं, "मधल्याला तू सांग. तुझं ऐकेल. मी काय बोलायचं ते लिहून देते."

"नाही ताई," तो उठून म्हणाला. "माझ्यासाठी तू जन्मभर लिहिलंस. हे तुझं तू लिही." बाहेर जाताना त्याने दार लावलं नाही, सताड उघडं ठेवून गेला. स्क्रीनवाली आत आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पाण्याचा ग्लास भरून ठेवला. तिच्याबद्दल मी जे लिहिलं तेही फाड.

जागा गेली. त्याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण मला ज्या रीतीने नाकारलं ती रीत माझीच होती, तेव्हा तक्रार कुठे नेणार? तू ये असं म्हणायचा हक्क मला नाही. खोलीत चादर मात्र पुन्हा घातली आहे.

पाच पानं झाली. डबी समोर आहे. उभी लावून पाठवणार होते, हातात घेतलीसुद्धा होती. पण माझ्या हातच्या टाचणीवर तू का विश्वास ठेवावास? म्हणून पानं सुटीच पाठवतेय, आकडे घातलेत. वाटेत पानं मागेपुढे झाली, एखादं हरवलं, तरी हरकत नाही. एवढी एक ओळ तेवढी वाच.

अण्णांनी उभी सांगितली होती.

ताई